डाव्या बाहीचं गाव

देवमन टेलरच्या डोळ्याचं ऑपरेशन झकास झालं अशी बातमी वाशिमहून आली, आणि चिंचखेडी गावानं कपाळाला हात लावला.

बातमी आली ती ज्ञानचंदशेठच्या दुकानात. सोमवारची सकाळ होती. काउंटरवर फोन स्पीकरवर ठेवलेला, भोवती आठ-दहा माणसं, आणि तिकडून देवमनची बायको लिलाबाई बोलत होती.

"शेठ, पट्टी निंगाली. आता साजरं दिसून राह्यलं त्यायले."

"वा! वा! पेढे वाटतो आजच!" ज्ञानचंदशेठ ओरडले.

"पेढे वाटजा मंग, पन आदी आयका. पट्टी निंगाल्याबरोबर ह्यायनं डॉक्टरच्या तोंडाकडं नाही पाह्यलं. शर्टाकडं पाह्यलं. अन् म्हनतात, डॉक्टरसाहेब, तुमची कॉलर दोन सूत डावीकडं सरकली हाय. कोन शिवली?"

दुकानात हसू उसळलं. मग एकेकानं हळूच खाली पाहिलं, स्वतःच्या डाव्या बाहीकडं.

चिंचखेडी हे शेलूबाजारपासून सात किलोमीटरवरचं गाव. शेलूबाजारला हायवे आहे, हायवेवर काचेची मोठमोठी दुकानं आहेत, आणि जीप दर अर्ध्या तासाला सुटते. म्हणजे बाहेरून वस्तू आणायची तर अडचण काहीच नाही. अडचण एकच, चिंचखेडीचा ताठा. ज्ञानचंदशेठच्या दुकानावर लाल रंगात पाटी आहे, 'गावात मिळते ते गावातच घ्या'. पाटी शेठनी लिहिली हे खरं, पण ती गावानं देवाच्या आरतीसारखी पाठ केली आहे. गावातल्या धंद्याला पाठ दाखवणारा माणूस चिंचखेडीत अजून जन्मायचा आहे, आणि जन्मलाच तर त्याला पाळण्यातच समजावतील.

आता गावातलं ते सगळंच चांगलं असतं असं नाही. शेठच्या दुकानातल्या चहापत्तीचंच घ्या. तिला उदबत्तीचा वास येतो, कारण तीस वर्षांपासून चहापत्ती आणि उदबत्ती एकाच कपाटात शेजारी शेजारी नांदत आहेत. चिंचखेडीत चहा प्याला की काकड आरती करून आल्यासारखं वाटतं. पाहुणे पहिला घोट घेऊन थबकतात, तेव्हा यजमान अभिमानानं सांगतो, "आमच्या गावची पत्ती हाय." शेठ स्वतः चहा पीत नाहीत, त्यांना सकाळ-संध्याकाळ दूध लागतं. त्यामुळे त्यांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांची सून त्रिशला कारंज्याहून लग्न होऊन आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती सासऱ्यांना विचारायला गेली होती. पण सासूनं तिला स्वयंपाकघरात नेऊन गावाची रीत समजावली. आपल्या माणसाचं आपण चालवून घ्यायचं, आणि बोलायचं नाही.

देवमन टेलर हा तर गावाचा जीव. फक्त पुरुषांचे आणि पोरांचे कपडे शिवायचा. गावातल्या दोन पिढ्यांचा शाळेचा पहिला गणवेश त्याच्या मशीनवरून उतरलेला. आत चार बोटं दाब ठेवायचा, म्हणजे पोरगं वाढलं की उसवून मोठा करता यावा. एका हाफपँटवर चौथीपर्यंत गेलेली माणसं आज गावात आजोबा आहेत. हात असा सरळ, की शेलूबाजारचे टेलर त्याच्या शर्टाची कॉलर उलटून पाहायचे.

पण सात वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. आधी डावी बाही बोटभर लांब झाली, मग दोन बोटं. खिसा छातीवरून काखेकडं निघाला. दुसरं बटण तिसऱ्या काजात जायला लागलं. गावानं पाहिलं आणि घातलं. मंगरूळपीरच्या कचेरीत चिंचखेडीचा माणूस रांगेत उभा राहिला की खिडकीतला कारकून मान न उचलता म्हणायचा, "चिंचखेडी काय? या पुढं." एकदा एका नवीन कारकुनानं विचारलंच, "ही बाही अशी काहून?" तर मोहनसिंग पोलीस पाटलानं ती बाही आणखी खाली ओढून सांगितलं, "आमच्या गावची फॅशन हाय. तुमच्यापर्यंत यायले टाइम लागन."

देवमनला मात्र वाटायचं, आपल्याला सगळं दिसतं. ऑपरेशनचं नाव काढलं की तो बिथरायचा. शेवटी गोष्ट पुतळ्यावर आली. ज्ञानचंदशेठनी तीन वर्षांपूर्वी कापड दाखवायला अकोल्याहून एक माणसाचा पुतळा आणला होता. देवमन दुकानात आला, त्यानं गळ्यातली टेप काढली आणि पुतळ्याचं माप घ्यायला लागला. "दम सोड ना, बापा," तो पुतळ्याला म्हणाला. "पोट कायले आत ओढून राह्यला?" त्यानं त्या पुतळ्याचा शर्टही शिवला, आणि पुतळ्यानंही गावाच्या रीतीप्रमाणे तो निमूट घातला. त्या दिवसापासून गाव देवमनच्या मागं लागलं. तीन वर्षं लागली. अखेर या फेब्रुवारीत वाशिमला नेत्रशिबिर होतं, शेठनी नाव नोंदवलं, मोहनसिंगनं त्याला उचलून जीपमध्ये बसवलं, आणि अख्ख्या गावानं हात हलवून निरोप दिला. हे सगळं प्रेमानं केलं. पुढचा विचार कोणी केला नव्हता, तो आज सोमवारी सकाळी सुरू झाला.

फोन ठेवल्यावर पहिला बोलला मोहनसिंग. "शेठ, आता त्याले आपले शर्ट दिसतीन."

"दिसतीन ना," शेठ म्हणाले.

"अन् मंग कैची?"

हा कैचीचा प्रश्न खरा होता. तीस वर्षांपूर्वी मोहनसिंगच्या लग्नाच्या पँटचा एक पाय बोटभर आखूड झाला होता. कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं, नवरदेवाच्याही नाही. देवमनच्या आलं. तीन दिवस त्यानं दुकान उघडलं नाही. चौथ्या दिवशी उघडलं तेव्हा हातातली मोठी कैची साऱ्या गावाला दाखवून तो बोलला होता, "आजपासून माह्या हातचं एक बी कापड वाकडं निंगालं, तं ही कैची विहिरीत अन् दुकानाले कुलूप. पुन्हा सुईले हात लावनार नाही." देवमन शब्दाचा असा पक्का, की पंचायतीत लोक साक्षीदाराऐवजी त्याचं नाव घेत. आता तो एक वाकडं कापड नाही, सात वर्षांचं वाकडं कापड पाहणार होता, गावभर चालता-फिरताना.

"तो पुन्हा शिवनार नाही, म्हंजे नाही," शेठ म्हणाले. शाळेत ते आणि देवमन एका बाकावर बसायचे. देवमनचं दुकान बंद झालेलं गाव कसं दिसेल, हे त्यांच्यानं मनात आणवेना.

"सरळ सांगून टाका ना, बाबूजी," त्रिशला काउंटरमागून म्हणाली. "काका समजून घेतील."

सगळ्यांनी तिच्याकडं असं पाहिलं, की तिनं साखरेची पुडी बांधायला घेतली.

देवमनला डॉक्टरनं आठवडाभर विश्रांती सांगितली होती. त्याची मुलगी धम्मदीपा वाशिमलाच दवाखान्यात नर्स होती, तिच्या खोलीवर तो राहणार होता. रविवारी गावात येणार. म्हणजे हातात सहा दिवस. 

"तो यायच्या दिवशी त्याच्या हातचे कपडे घालायचेच नाही," किसनसिंग वेल्डर म्हणाला.

"मंग काय घालायचं?" मोहनसिंगनं विचारलं. "माह्या घरी तं त्याच्याच हातचे हायेत."

विचारता विचारता कळलं की सगळ्यांच्याच घरी त्याच्याच हातचे आहेत. रेडिमेड आणावे म्हटलं तर शेठ फक्त कापडाचे तागे विकत, आणि शेलूबाजारचं नाव काढताच शेठनी बोटानं वरची पाटी दाखवली. मग कोणीतरी म्हणालं, सात वर्षांआधीचे जुने शर्ट काढू, ते सरळ आहेत. माणसं घरी गेली, ट्रंका उघडल्या. दुपारी जुने शर्ट घालून सगळे परत जमले, तेव्हा दुकानात डांबरगोळ्यांचा वास सुटला होता आणि कोणी मोठ्यानं श्वास घेत नव्हतं. सात वर्षांत गावानं वाकडे शर्ट सोसले होते, पण जेवण सोडलं नव्हतं. मोहनसिंगला शिंक आली आणि त्याची तीन बटणं शेठच्या तुरीच्या डाळीत गेली.

"एकच उपाय हाय," शेठ म्हणाले. "आपनच दुरुस्त करू. दर मानशी एक शर्ट. बाकीचे ट्रंकेत."

"कोन करन?"

"आपन. देवमन एकटा करते ते पन्नास जनायले जमनार नाही का?"

हा प्रश्न ज्ञानचंदशेठच्या आयुष्यातला सगळ्यात चुकीचा प्रश्न होता. पण त्या क्षणी तो सगळ्यांना बिनतोड वाटला.

मंगळवारपासून ग्रामपंचायतीच्या सभागृहात गावातले पुरुष सुई-दोरा घेऊन बसले. बायका दारात उभ्या राहून पाहत. मदत करा म्हटलं तर म्हणाल्या, "आमी म्हनलो होतो सांगून टाका. आता शिवा." मोहनसिंगनं आपली लांब बाही कापली. कापल्यावर ती उजवीपेक्षा आखूड झाली. म्हणून त्यानं उजवी कापली. मग तीच आखूड झाली. दुपारी चारपर्यंत पूर्ण बाहीच्या शर्टाचा अर्ध्या बाहीचा झाला, आणि सहापर्यंत बंडी. किसनसिंगला सुईत दोरा ओवणं जमेना. त्यानं दुकानातून पंक्चरचं सोल्यूशन आणलं आणि खिसे चिकटवले. खिसा जागेवर बसला, पण आतल्या बनियनसकट चिकटला आणि उघडेनासा झाला. त्यात त्याची चष्म्याची डबी होती. शेठनी स्वतःचा शर्ट मांडीवर घेऊन मन लावून कॉलर शिवली, आणि उठायला गेले तेव्हा कळलं की ती त्यांनी धोतराला शिवली आहे.

शनिवारी संध्याकाळी एकेकानं शर्ट चढवून पाहिला. देवमननं आंधळेपणी जे सात वर्षांत केलं नव्हतं, ते डोळस गावानं पाच दिवसांत करून दाखवलं होतं.

"जाऊ द्या," शेठ म्हणाले. "त्याच्या डोळ्यावर काळा चष्मा राहीन. एवढं कायचं दिसते?"

रविवारी अकरा वाजता शेलूबाजारची जीप आली. आधी धम्मदीपा उतरली, हातात औषधाच्या थेंबांची पिशवी. मग लिलाबाई. मग काळा चष्मा घातलेला देवमन. मोहनसिंग हार घेऊन पुढं झाला. देवमननं हार गळ्यात घेतला, हसला, आणि मग त्यानं चष्मा कपाळावर सरकवला.

तो एकेका माणसासमोरून हळूहळू चालत गेला. मोहनसिंगच्या बंडीच्या कडा त्यानं बोटांत धरून पाहिल्या. किसनसिंगच्या खिशावर टिचकी मारली, तर पत्र्यासारखा आवाज आला. शेठच्या कॉलरपाशी तो बराच वेळ थांबला.

"ही शिलाई माही नाही," तो म्हणाला.

"मी आठ दिवस गावात नव्हतो. आठ दिवस! अन् तुमी दुसऱ्या टेलरकडं गेले? कोन हाय तो? शेलूबाजारचा हाय ना?"

मोहनसिंगनं तोंड उघडलं. खरं सांगायचं तर आम्हीच शिवलं असं म्हणावं लागणार होतं, आणि मग काहून शिवलं, हा पुढचा प्रश्न उभाच होता. त्यानं तोंड मिटलं आणि शेठकडं पाहिलं.

ज्ञानचंदशेठ उभे होते त्यांच्या पाटीपासून वीस पावलांवर. तीस वर्षांत त्यांनी गावाबाहेरून टाचणीसुद्धा घेतली नव्हती. व्याह्यांच्या घरी गेले तर तिथंही ते चिंचखेडीचं बेसन घेऊन जात. त्यांनी एकदा पाटीकडं पाहिलं, एकदा देवमनकडं, आणि खाली मान घालून म्हणाले, "हो. शेलूबाजारचाच हाय."

"शेठ? तू गेल्ता?"

"मीच नेलं साऱ्यायले. जीप मीच सांगतली. यायचा काही कसूर नाही."

मोहनसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. गावाला कळलं होतं, शेठनी आत्ता काय दिलं ते. कोणी आपली जमीन दिली असती तरी गावाला एवढं वाटलं नसतं.

देवमन मात्र दगडासारखा उभा राहिला. मग शांतपणे म्हणाला, "बरं झालं. गावाले टेलर भेटला. मंग आता या देवमनचं काय काम?" त्यानं खिशातून किल्ली काढली, दुकान उघडलं, आणि मोठी कैची हातात घेऊन बाहेर आला. "मी म्हनलो होतो, वाकडं निंगालं तं विहिरीत टाकीन. वाकडं नाही निंगालं. पन ज्या कैचीले गावात काम नाही, ते बी विहिरीतच साजरी."

म्हणजे ज्या कैचीसाठी शेठनी अब्रू घालवली, ती विहिरीकडं निघालीच. फक्त कारण बदललं.

"बाबा, थांबा ना!" धम्मदीपा ओरडली. "भर उन्हात नका जाऊ, चष्मा खाली करा!"

"देवमन! आयक तं खरं!" शेठ मागं धावले. त्यांच्या मागं मोहनसिंग, किसनसिंग, अख्खं गाव. विहीर गावाच्या त्या टोकाला. वर्षभरात तिकडं कोणी फिरकलं नव्हतं. वाटेत शेठचं दुकान लागत होतं. देवमन तरातरा चालत दुकानावरून पुढं गेला, दोन पावलं गेला, आणि थांबला. मागं फिरला.

दुकानाच्या दारात पुतळा उभा होता. गावानं पाच दिवसांत पन्नास शर्ट उसवले होते, पण पुतळ्याची आठवण कोणाला झाली नव्हती.

देवमननं पुन्हा चष्मा वर केला. शर्टाचं टोक उलटून पाहिलं. "धागा माह्या हातचा हाय," तो स्वतःशीच म्हणाला. "शेवटची गाठ दुहेरी. हे दुसरा कोनी मारत नाही." मग त्यानं पुतळ्याच्या दोन्ही बाह्या एकमेकींपाशी आणल्या. डावी दोन बोटं लांब होती. खिसा काखेत निघालेला. दुसरं बटण तिसऱ्या काजात.

तो वळला. त्यानं मोहनसिंगच्या कापलेल्या बाह्या पाहिल्या, किसनसिंगचा चिकटवलेला खिसा पाहिला, शेठची कॉलर पाहिली. यावेळी त्याला सगळं दिसलं.

"तुमी उसवले हे. शेलूबाजार गिलूबाजार काही नाही. किती वर्षांपासून चालू हाय?"

काउंटरमागून त्रिशला म्हणाली, "सात वर्षं झाली, काका."

"सात वर्षं तुमी हे घालून फिरले? लग्नाकार्यात? कचेरीत?"

"मंग?" मोहनसिंगला आता राहवेना. "गावात टेलर असतांना बाहेरून शिवून घालाचं का?"

"लोकं हासत नव्हते?"

"हासत होते ना. आमी बी हासत होतो त्यायच्यासंगं. अन् फायदा बी होता, देवमनभाऊ. मागच्या साली माहे बुढे बाबा पोहरादेवीच्या जत्रेत गर्दीत हरोले. कोन, कुठले, काही सांगता येत नव्हतं त्यायले. तं एका कंडक्टरनं बाही पाह्यली अन् बरोब्बर चिंचखेडीले आनून सोडलं!"

देवमन दुकानाच्या पायरीवर बसला. त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला.

"अहो, रडू नोका!" लिलाबाई धावली. "डॉक्टरनं डोळ्यात पानी आनाले मनाई केली हाय! धम्मे, थेंब आन!"

"कोनी रडवू नका रे त्याले!" शेठ ओरडले, आणि स्वतः रडायला लागले. मग पन्नास माणसं, कोणी बंडी घातलेलं, कोणी खिसा चिकटलेलं, देवमनला हसवायच्या खटपटीला लागली. मोहनसिंगनं तर आपली बंडी उलटी घालून दाखवली. देवमन हसला, पण उठला. कैची अजून हातात होती.

"तुमी लय केलं माह्यासाठी," तो म्हणाला. "पन शब्द म्हंजे शब्द. वाकडं निंगालं हाय, अन् मी सोता पाह्यलं हाय. आता टाकावंच लागते."

त्याला कोणी अडवलं नाही. अडवून उपयोग नव्हता, आणि खरं म्हणजे शब्द मोडणारा देवमन गावाला नकोही होता. सगळे त्याच्या मागं विहिरीपर्यंत गेले. देवमननं कैची एकदा कपाळाला लावली, डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी विहिरीत टाकली.

खण्ण!

पाण्याचा आवाज आला नाही. गावानं वाकून पाहिलं. विहिरीच्या तोंडावर लोखंडी जाळी होती आणि जाळीवर कैची पसरून पडली होती.

ही जाळी मागच्या वर्षी ग्रामपंचायतीनं किसनसिंगकडून बसवून घेतली होती. पोरं-ढोरं पडू नयेत म्हणून. किसनसिंगनं तीन दिवस खपून ती अशी दाट आणि मजबूत केली, की तीत बादली जायला जागा ठेवायचीच राहिली. बसवल्यावर ते सगळ्यांच्या लक्षात आलं. पण गावचा वेल्डर, त्यानं एवढं मन लावून केलेलं. गावानं विहिरीचं पाणी सोडलं, नळावर भागवलं, किसनसिंगला शब्दानं बोललं नाही, आणि पुढं विसरूनही गेलं.

किसनसिंगनं आधी मान खाली घातली. मग त्याच्या ध्यानात आलं की ही मान वर करायची वेळ आहे. त्यानं छाती काढली, चष्म्याच्या डबीसकट. "आपलं काम पक्कंच राह्यते," तो म्हणाला. "सुई नाही जायची त्याच्यातून."

धम्मदीपानं वाकून कैची उचलली, पदरानं पुसली आणि बापासमोर धरली. "बाबा, तुमी तुमचा शब्द पाळला. टाकली का नाही टाकली?"

"टाकली."

"साऱ्यायनं पाह्यलं?"

"पाह्यलं!" गाव ओरडलं.

"विहिरीनं घेतली नाही, त्याले तुमी काय करसान? धरा. अन् चष्मा खाली करा पयले."

देवमननं कैची घेतली. उलटसुलट करून पाहिली. धार शाबूत होती. "उद्यापासून सारे आपापल्या ट्रंका घेऊन या," तो म्हणाला. "सात वर्षांचं एकेक कापड उसवतो अन् पुन्हा शिवतो. अन् मोहनसिंग, तू ते बंडी आनू नको. तिले काही इलाज नाही."

सगळे शेठच्या दुकानापाशी परतले. शेठचा चेहरा असा उजळला होता, जसा काही पाटी आजच नव्यानं लिहिली आहे. त्यांनी सुनेला हाक मारली, "त्रिशला, साऱ्यायले चहा! आपल्या पत्तीचा, कडक!"

ट्रे आला. कपांतून वाफ निघाली, आणि दुकानाच्या पायरीवर मंदिरासारखा वास दरवळला. पन्नास माणसांनी कप हातात घेतले. शेठ दुधाचा पेला घेऊन देवमनच्या शेजारी बसले, शाळेत बसायचे तसे, खांद्याला खांदा लावून.

"देवमन, आता तुह्ये डोळे साजरे झाले," ते म्हणाले. "अन् आज एवढं सारं उघडं झालंच हाय, तं एक डाव खरं सांगून टाक. आपल्या गावात अजून काय काय वाकडं हाय? कोनाचं बी सांग. माह्या दुकानाचं बी सांग. मी वाईट वाटून घेनार नाही."

पायरीवरची सगळी माणसं थांबली. मोहनसिंगचा कप ओठांपाशी राहिला. त्रिशलानं रिकामा ट्रे छातीशी धरला. देवमननं कपात पाहिलं, मग हळूच मान उचलून गावाकडं पाहिलं. अख्खं गाव डाव्या बाहीचे राहिलेले दोरे निरखत होतं.

"काहीच नाही, शेठ," देवमन म्हणाला. "सारं सरळ हाय."

आणि त्यानं डोळे मिटून कप एका दमात रिकामा केला.